धुळ्याच्या काकूंचं अर्धं पोट

माझ्या आईचं जठर पूर्ण काढलं. धुळ्याच्या काकूंचं अर्ध्याहून थोडं जास्त काढलं, वरचा भाग राहिला. दोघींची ऑपरेशनं एकाच आठवड्यात, एकाच दवाखान्यात झाली आणि दोघींच्या खाटा खिडकीच्या बाजूला शेजारी शेजारी होत्या. त्यामुळे तुलना करायला मला कुठे लांब जावं लागलं नाही.

लोक दुसऱ्याच्या घराचा हेवा करतात, नोकरीचा करतात, गोऱ्या रंगाचा करतात. मी एका अनोळखी बाईच्या पोटात उरलेल्या मुठीएवढ्या पिशवीचा हेवा करत होते. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं की काकूंची गाठ खाली होती, आतड्याकडच्या टोकाला, म्हणून वरचा भाग वाचवता आला. आईची गाठ वर होती, अन्ननलिकेजवळ. तिथे वाचवण्यासारखं काही नव्हतं. अन्ननलिका सरळ लहान आतड्याला जोडली. यात कुणाची चूक नव्हती. तरी मी खाटेपाशी बसून विचार करायचे, आईची गाठ चार बोटं खाली असती तर काय बिघडलं असतं?

काकूंच्या सोबतीला त्यांची मुलगी होती. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. एसटीत कंडक्टर. वॉर्डात आल्याच्या पहिल्याच दिवशी तिला सगळ्या नर्सची गावं माहीत झाली होती. मी चार दिवस तिथे राहूनही शेजारच्या खाटेवरच्या माणसांना नुसती मान हलवत होते. ती मला "मॅडम" म्हणायची.

"काय मॅडम, आज बोलायचं का नुसतं बघायचं?"

मी हसायचे. उत्तर सुचायचं, पण ती निघून गेल्यावर.

काकूंनी आईला विचारलं, "कोनतं गाव तुन्हं?"

आई म्हणाली, "चोपड्याजोडे."

"मंग तू आम्हनीच शे."

झालं. त्या क्षणापासून माझी आई अहिराणीत बोलायला लागली. मी तिला तसं बोलताना फक्त मामाच्या फोनवर ऐकलं होतं, तेही स्वयंपाकघराचं दार लोटून. मला इंग्रजी शाळेत घातलं तेव्हा तिने ठरवलं होतं की घरात पोरीशी ही भाषा बोलायची नाही. शाळेतल्या मीटिंगला येताना ती रस्त्यात वाक्यं जुळवत यायची, पुस्तकातल्यासारखी शुद्ध. माझ्याशी ती अजून तसंच बोलते. "बरं आहे मला." "दुखत नाही." "तू तुझं काम कर." सगळी वाक्यं इस्त्री केलेली. आणि शेजारच्या खाटेशी मात्र ती टाके दुखतील इतकं हसत होती, पोटाला उशी दाबून. मला सगळं समजत होतं. बोलता मात्र येत नव्हतं, आणि मला बोलावून घेण्याची गरजही कुणाला वाटली नाही.

आम्ही जळगावला घरी आलो, त्या धुळ्याला गेल्या. केमोही दोघींची संपली. मग खरी परीक्षा सुरू झाली, ती खाण्याची.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता साठवायला जागा नाही, म्हणून दिवसातून सहा-सात वेळा थोडं थोडं खायचं. सावकाश चावून. जेवताना पाणी प्यायचं नाही. गोड शक्यतो नाही. एकदम पोटभर खाल्लं तर सगळं धाडकन आतड्यात उतरतं, घाम फुटतो, छातीत धडधडतं, चक्कर येते. ब जीवनसत्त्वाचं इंजेक्शन आयुष्यभर. मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करते. ते बाजूला ठेवून मी इंग्रजीत सापडेल ते सगळं वाचलं. पूर्ण जठर काढलेले आणि अर्धं काढलेले यांचं पुढचं जगणं कसं असतं, याची तुलना करणारे कितीतरी लेख होते. भूक, वजन, झोप, थकवा, चारचौघांत जेवण्याचा संकोच. बहुतेक ठिकाणी अर्धं काढलेल्यांचं बरं चाललेलं असायचं. मी ते लेख असे वाचायचे, जसे शेजारच्या मुलीचे मार्क वाचतात.

मी छोट्या वाट्या आणल्या. सकाळी मऊ खिचडी, मग अंडं, मग कढीतले मऊ फुनके, म्हणजे वाफवलेले डाळीचे गोळे, मग ताक, मग वरण-भात कालवून. प्रत्येक वाटी आईच्या हातात देऊन मी माझ्या लॅपटॉपसमोर बसायचे. थोड्या वेळाने विचारायचे, "खाल्लं?"

"खाल्लं."

वाटी घासून पालथी घातलेली असायची. तरी आईचं वजन उतरत होतं. ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागले. बांगड्या तिने दोऱ्याने बांधल्या. आणि रोज दुपारी उशिरा तो प्रकार व्हायचा. पप्पांचं जेवण झालं की थोड्या वेळाने आई घामाने चिंब होऊन स्वयंपाकघराच्या फरशीवर आडवी व्हायची. हात लावला तर छाती पाखरासारखी उडत असायची. मी साखर बंद केली, दूध बंद केलं, तांदूळ बदलला. काही फरक पडला नाही.

दिवाळीनंतरच्या तपासणीला डॉक्टर काट्याकडे बघत राहिले. म्हणाले, "पुढच्या वेळेपर्यंत वजन आणखी उतरलं तर पोटातून आतड्यात नळी टाकावी लागेल. नळीतून अन्न द्यायचं. पर्याय नाही."

रिक्षात बसल्यावर आई मला म्हणाली, "नळी नको." इतकंच. तिच्या आयुष्यात तिने माझ्याकडे मागितलेल्या गोष्टी फार थोड्या आहेत.

त्याच आठवड्यात धुळ्याहून फोन आला. काकूंनी भरीत खाल्लं होतं. कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या भाकरीशी. मुलगी फोनवर ओरडून सांगत होती, "मावशी, आईनी अर्धी भाकर खादी!" आईला खरोखर आनंद झाला. मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसले. अर्धी भाकरी. आमच्याकडे पाव वाटी खिचडीसाठी देव पाण्यात होते.

काकूंच्या मुलीची ड्युटी अधूनमधून धुळे-जळगाव गाडीवर असायची. गाडी इथे थांबली की पुढची फेरी सुटेपर्यंत तिच्याकडे वेळ असायचा आणि ती रिक्षाने सरळ आमच्याकडे यायची. खाकी कपड्यांत, खांद्याला तिकिटाच्या मशीनची बॅग. एरंडोलला कोण बाई बकरी घेऊन चढली, पारोळ्याला कुणी सुट्ट्यांवरून भांडण काढलं, हे सगळं ती उभ्याउभ्या करून दाखवायची. आई खुर्चीत बसून बघायची. तिचा चेहरा मला परका वाटायचा, तरुण.

"मॅडम, तुम्ही या एकदा आमच्या गाडीत. तुम्हाला खिडकी देऊ. तोंड उघडायची गरज नाही."

"येईन," मी म्हणाले.

"बोलली रे बाबा," ती आईला म्हणाली, आणि दोघी हसल्या.

मला ती आवडत नव्हती असं नाही. ती यायची त्या दिवशी आईला बरं वाटायचं, हेच मला सहन होत नव्हतं.

अशाच एका दुपारी ती आलेली असताना मी आत कामाच्या कॉलवर होते. कॉल संपला, हेडफोन काढला आणि स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. दबका.

"त्या दुकानवरथून तीन वाजता येतस. बठ्ठासनं जेवन व्हयनं का मंग मी बठस. तवलगून पोरनी देयेल वाट्या फ्रीजमा ठेवी देस."

"मंग बठ्ठं एकदमच खास का तू?"

"आधी कशी खाऊ माय? घरना मानूस भुक्या ऱ्हास, नि मी आधी खाई लेऊ?"

"पोरले सांग ना."

"ती शिकेल शे. तिले हाई सांगसू ते ती हासी."



म्हणजे सकाळची खिचडी, अंडं, फुनके, वरण-भात, सगळं ती मी आत गेले की डब्यात काढून ठेवत होती. वाटी घासून पालथी घालत होती. पप्पांचं ठिबक सिंचनाच्या नळ्यांचं दुकान आहे. दुपारचं गिऱ्हाईक सरल्यावर ते घरी येतात. त्यांना वाढून, त्यांचं झाल्यावर, ती ओट्यापाशी बसून ते सगळं एकदम खात होती. लग्न झाल्यापासून ती अशीच जेवत आली होती, सगळ्यांच्या शेवटी, एकाच बैठकीत, उरलेलं संपवून. जिथे काही साठत नाही अशा पोटात ती दिवसभराचं अन्न एका वेळी ढकलत होती, आणि मग फरशीवर पडत होती. मी मात्र इंग्रजीतून तांदळाचे प्रकार शोधत होते.

या शोधाचं मला आधी काहीच वाटलं नाही. मला वाटलं ते एवढंच की हे तिने हिला सांगितलं. मला नाही. आणि वर, मी हसेन म्हणाली.

जाताना ती मुलगी दारात चपला घालत थांबली. माझ्याकडे बघून तिला कळलं असावं की मी ऐकलंय. पहिल्यांदाच तिने मॅडम म्हटलं नाही.

"तू खातेस का गं तिच्याबरोबर?"

"मी माझं काम करताना खाते."

"हं," ती म्हणाली आणि गेली. त्या हुंकाराचा मला दोन दिवस राग होता.

मी पप्पांना सांगितलं. पप्पा जेवायला बसताना आईला म्हणाले, "माझ्यासाठी थांबत जाऊ नको. तू आधी खाऊन घे." आईने मान डोलावली आणि त्यांना भाकरी वाढली. दुसऱ्या दिवशीही वाट्या फ्रीजमध्ये होत्या. मी डबा तिच्यासमोर धरला, डॉक्टर काय म्हणाले, नळी कशी असते, सगळं पुन्हा सांगितलं. तिचा चेहरा बंद झाला. "यापुढे खाईन," ती शुद्ध मराठीत म्हणाली. मी समोर बसून राहिले तर एक घास घ्यायची, तोंडात फिरवायची आणि तिला उमासे यायचे. नवरा उपाशी असताना घास गिळायची सवयच त्या गळ्याला नव्हती. तिला आदेश देऊन ती सवय लागणार नव्हती, हे मला दिसत होतं. पण दुसरं काय करायचं हे दिसत नव्हतं. पुढची तपासणी जवळ येत होती.

मार्ग सापडला तो माझ्या हुशारीने नाही. एका सकाळी मी स्वयंपाकघरात उभ्याने उपमा खात होते, तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. अर्धी ताटली ओट्यावर ठेवून मी आत गेले. परत आले तर ताटली रिकामी. आई तोंड पुसत होती.

"तू खाल्लास?"

"टाकायचं का मग? अन्न आहे ते."

ती पप्पांच्या आधी जेवत नाही, पण माझं उष्टं ती माझ्या जन्मापासून संपवत आली आहे. ते तिच्या लेखी जेवण नव्हतंच. ते आवरणं होतं. घरातल्या कुठल्याही आईसारखं.

त्या दिवसापासून मी वाट्या आईला देणं बंद केलं. खिचडी मी माझ्यासाठी घ्यायचे, तिच्याशेजारी बसून अर्धी खायचे आणि "नको आता" म्हणून ठेवून द्यायचे. आधी ती चिडली. "एवढंसं तर घेतलं होतं. लहानपणीही अशीच होतीस." चिडत चिडत संपवायची. मग अंडं. मग फुनके. ताकाचा पेला अर्धा. तिला सोसेल तेवढंच मागे ठेवायला मी शिकले. संपूर्ण दिवस मी अर्धवट खात हिंडायचे. आई हळूहळू खायची, कारण उष्टं संपवायला घाई नसते. बोलत खायची. काही दिवसांनी तीन वाजता तिच्या ताटात जेमतेम चार घासांचा भात दिसायला लागला. फरशीवर पडणं कमी झालं. घाम यायचा कधीतरी, पण खुर्चीत बसून जायचा.

तिला हे कळलं असेल का? ती वेडी नाही. पण आम्ही दोघींनी त्याबद्दल शब्द काढला नाही. आमच्यात बऱ्याच गोष्टी अशाच चालतात. माझं मात्र वजन वाढलं. पप्पा म्हणाले, "आजारी कोण आहे या घरात?"

थंडीत काकू आणि त्यांची मुलगी मुद्दाम भरीत खायला आल्या. आईनेच बोलावलं होतं. पप्पांनी हिरवी मोठी वांगी आणली, मागच्या अंगणात काड्यांवर भाजली. मी पुऱ्या लाटल्या. काकू सगळ्यांबरोबर, म्हणजे पप्पांबरोबर, पहिल्या पंगतीला बसल्या. कुणी बोलवायची वाट न बघता. भरीत घेतलं, कांद्याची पात घेतली, पुरी मोडली, दुसरी घेतली. मी कढईपासून त्यांच्या जबड्याकडे बघत होते. त्यांच्या आत ती मुठीएवढी पिशवी अन्न धरून ठेवत होती आणि हळूहळू पुढे सोडत होती, आणि काकूंना त्याचं काहीही वाटत नव्हतं. आई वाढत होती. "आजून एक ले," म्हणत होती. तिच्या हातांच्या शिरा मला दुरून दिसत होत्या.

खाऊन झाल्यावर काकू भिंतीला टेकल्या आणि तक्रार सुरू केली. रात्री आडवं झालं की कडू पाणी घशात येतं. तीन उशा लावून बसून झोपते. मिरची खाल्ली की छातीत आग. रक्त कमीच आहे, पायात गोळे येतात. अर्धं ठेवलं म्हणे, अर्ध्याने काय होतं, पुरं काढलं असतं तर हिच्यासारखं सुटले असते.

"मिरची खाऊ नको म्हटलं तर भजी मागते," मुलगी म्हणाली. "वर मला रात्री झोपू देत नाही. 'उठ पोरी, मन्हं पोट बघ.' पोट काय बघू, टीव्ही आहे का?"

सगळे हसले. मला वाईट वाटायला हवं होतं. अर्ध्यालाही त्रास असतो, हे कळून थोडा दिलासा तरी मिळायला हवा होता. पण मला त्या तक्रारीचाच हेवा वाटला. माझी आई कधी अशी भिंतीला टेकून, पाय पसरून, भरल्या घरात "मन्हं पोट बघ" म्हणाली नव्हती. ती म्हणाली असती तर मी प्रत्येक रात्री उठले असते.

मी माझी ताटली घेऊन आईशेजारी बसले. एक पुरी, चमचाभर बिनमिरचीचं भरीत. अर्धी पुरी खाल्ली आणि ठेवली. पप्पा उठले होते, पण काकूंची मुलगी अजून जेवायची होती. आईने इकडेतिकडे पाहिलं आणि माझी ताटली पुढे ओढली. त्या मुलीने ते पाहिलं. ती काहीतरी म्हणणार होती. मी तिच्याकडे बघितलं, आणि आयुष्यात एकदा तरी ती काही बोलली नाही. ती उठून पुऱ्या तळायला गेली.

तपासणीच्या दिवशी पप्पांनी दुकान बंद ठेवलं आणि सोबत आले. नंबर यायला दुपार झाली. आईने चपला काढल्या, बांगड्याही काढायला लागली. मीच नको म्हणाले. काट्यावर ती डोळे मिटून उभी राहिली, देवळात राहते तशी. डॉक्टरांनी आकडा पाहिला, मागचा कागद पाहिला, पुन्हा आकडा पाहिला.

"उतरलं नाही," ते म्हणाले. "थोडं चढलंच आहे. नळीचा विचार आता नको. काय करताय वेगळं?"

आईने माझ्याकडे बघितलं नाही. "काही नाही," ती म्हणाली. "पोरगी उष्टं टाकते, ते खाते."

डॉक्टरांना तो विनोद वाटला.

बाहेर येऊन आईने पहिला फोन धुळ्याला लावला. कॉरिडॉरच्या बाकावर बसून ती भराभर बोलत होती. सगळं सांगत होती, काट्याचं, डॉक्टरांचं, डोळे मिटल्याचं. पलीकडून ती मुलगी ओरडत होती, मला इथवर ऐकू येत होतं. नळी टळल्याचा आनंद होता, खोटं कशाला सांगू, पण पहिला फोन तिकडे गेला हे टोचत होतं ते टोचतच होतं. मी पर्समधून डबा काढला. कढी पिऊन मऊ झालेले फुनके. सकाळपासून धास्तीने मी काही खाल्लं नव्हतं, आणि आता भूक अशी लागली की अर्धं ठेवायचं आहे हे मी साफ विसरले. एक, दोन, तीन.

आईने फोन कानापासून बाजूला केला.

"बठ्ठं खाई टाकशी का?" ती मला म्हणाली. "मन्हासाठे ठेव ना."

डबा तिने माझ्या हातातून घेतला. पप्पा समोरच उभे होते, सकाळच्या चहावर, अजून उपाशी. ते वळले आणि भिंतीवरचा रक्तदानाचा फलक वाचायला लागले. आईचं खाऊन होईपर्यंत ते तो वाचत होते.